चिंचेचा बुडखा, निलगिरीचे फुटवे आणि शेडचा पाया

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिरज तालुक्यात घरामागे सहा गुंठ्यांचं आवार आहे. वर काळी माती, चार-पाच फुटांखाली मुरूम. झाडं दोन वर्षांपूर्वी तोडली, बुडखे मात्र तसेच राहिले: चिंचेचा एक, अडीच फूट व्यासाचा, जमिनीलगत कापलेला, निलगिरीचे दोन, कुंपणभिंतीपासून दोन फुटांवर, कोपऱ्यात सुबाभळीचे सात-आठ लहान, आणि एक नारळाचा. चिंचेच्या जागी गाडीसाठी पत्र्याची शेड घालायची आहे. खडेमीठ भरून झालं, रॉकेल ओतून पेटवून झालं, जेसीबीवाला अर्धा तास झटापट करून परत गेला. आता एकच खात्रीचा उपाय सांगा, असं तुम्ही म्हणता.

या चारही झाडांना लागू पडेल असा एक उपाय निघणार नाही, आणि आजवर पैसे गेले ते तो शोधण्यातच. प्रत्येक बुडख्यापाशी उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. या जागेवर पुढे काय येणार आहे? आणि हा बुडखा अजून जिवंत आहे का? ज्याच्यावर शेडचा खांब उभा राहणार तो मुळासकट निघालाच पाहिजे. भिंतीलगतच्या बुडख्याचं फुटणं थांबलं तरी पुरे, तो उपटण्याच्या नादात भिंत जाईल. सुबाभळीचा खरा त्रास बुडख्यापेक्षा बियांचा आहे. आणि नारळ फुटत नाही, पण त्याला तसाच सडू देणं बाकीच्या नारळांना महागात पडतं.

आधी केलेले उपाय का फसले ते बघू. मीठ लाकूड कुजवत नाही. उलट लाकूड कुजवणाऱ्या बुरशीलाच ते मारक ठरतं. शिवाय काळ्या मातीतून मीठ सहज निघून जात नाही, त्या जागी पुढे भाजीही धड येणार नाही. भोकात मीठ उरलं असेल तर खरवडून काढून टाका. रॉकेलचं म्हणाल तर ते वरच्या वर जळतं आणि विझतं. बुडख्याचा गाभा जमिनीतल्या ओलीमुळे ओलाच असतो, त्याला पेटण्याइतकी उष्णता मिळतच नाही. लोक हिंग भरा म्हणतात, मोरचूद भरा म्हणतात, बॅटरीचं ॲसिड ओता म्हणतात. हिंगाने काही होत नाही. मोरचुदातलं तांबं मातीत वर्षानुवर्षं राहतं. ॲसिड हातापायांवर उडतं आणि लाकूड जागच्या जागी. विहिरीच्या कामातलं जिलेटिन वापरू असं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. परवान्याशिवाय ते बाळगणंही गुन्हा आहे, आणि वस्तीत त्याचा दगड कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं.

आता वेळेचं. काळ्या मातीत हे काम कधी करता यावर निम्मी मेहनत ठरते. मे महिन्यात ती माती पहारीला दाद देत नाही आणि जुलैत पायाला सोडत नाही. चांगला काळ म्हणजे पावसाळा संपून जमीन वाफशावर आलेली असते तो, साधारण दिवाळीच्या आगेमागे. उन्हाळ्यातच करायचं असेल तर बुडख्याभोवती पाच-सहा फुटांचं आळं करा, दोन वेळा भरून पाणी द्या आणि वाफसा यायची वाट बघा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने ढकलला की सुटावा. पाणी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी खणायला घेतलंत तर चिखल फावड्याला चिकटून बसेल आणि गडी वैतागतील.

सुरुवात चिंचेपासून करू, कारण अवघड तीच आहे. चिंचेला खोल सोटमूळ असतं आणि चहूबाजूंना जाड आडवी मुळं. लाकडाचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की पाचर मारून ते सरळ फुटत नाही. मटणाच्या दुकानातला ठोकळा चिंचेचा असतो तो याच गुणामुळे. म्हणून घण आणि पाचर घेऊन हा बुडखा फोडायच्या भानगडीत पडू नका. तो अखंड काढायचा, आणि काढल्यावर तडा नसेल तर जाळू नका, ठोकळ्यासाठी गिऱ्हाईक मिळतं.

तोडताना झाड जमिनीलगत कापलं ही इथली मोठी अडचण. बुडखा काढायचाच असेल तर खोड कंबरेएवढं, तीन-चार फूट उभं ठेवायचं असतं. ते खोड तरफेचं काम करतं. वरून ओढलं की खालची मुळं एकेक करून सुटतात. तुमच्याकडे तरफच उरलेली नाही. जेसीबीवाल्याने बकेटचे दात बुडख्याच्या कडेला लावून उचलायचा प्रयत्न केला असणार. तसं केलं की सालीचे आणि लाकडाचे तुकडे निघतात, बुडखा हलत नाही. त्याला धरून ठेवलंय ते त्याच्या वजनाने नव्हे, मुळांच्या पकडीने. ती पकड आधी सोडवायची, मगच ओढायचं.

बुडख्याच्या कडेपासून दोन फूट सोडून गोल चर आखा. चर दीड फूट रुंद, म्हणजे आत उतरून कुऱ्हाड चालवता येते, आणि अडीच ते तीन फूट खोल. आडवी मुळं बहुतेक पहिल्या दोन फुटांतच भेटतात. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडा आणि मधला फूटभराचा तुकडा बाहेर काढा. एकाच ठिकाणी तोडलं तर दोन्ही टोकं एकमेकांना अडतात आणि बुडखा हलवताना मूळ तुटलंय की नाही हेच कळत नाही. कुऱ्हाड चालवण्याआधी मुळावरची माती पाण्याच्या पाइपने धुऊन घ्या. मातीने माखलेल्या मुळावर चेनसॉ अजिबात लावू नका, साखळीची धार काही क्षणांत जाते आणि बोथट साखळी उडी मारते. मनगटापेक्षा जाड मुळांना मुठीची करवत किंवा जुनं पातं लावलेली इलेक्ट्रिक रेसिप्रो सॉ (पातं मागे-पुढे हलणारी विजेवरची करवत) बरी.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा: सगळी मुळं बुडख्याला घासून तोडू नका. समोरासमोरची दोन जाड मुळं फूट-दीड फूट लांब ठेवा. तरफ नसलेल्या बुडख्याला साखळी अडकवायला हेच दोन कान. जमिनीलगत कापलेल्या गोल लाकडावर साखळी टिकत नाही, ताण आला की वरून निसटते. मुळाच्या कानात अडकवलेली साखळी मात्र ताणाबरोबर आणखी आवळते.

चर पूर्ण झाला की एका बाजूने बुडख्याच्या पोटाखाली शिरा. ती बाजू आधी ठरवा, म्हणजे माती एकाच बाजूला पडत जाईल. पोटाखालची माती पहारीने ढिली करून पाण्याने धुवा, सोटमूळ दिसेपर्यंत. अडीच-तीन फुटांवर ते अजून मांडीएवढं जाड असू शकतं. तिथे ते पूर्ण तोडायची गरज नाही. निम्म्याहून जास्त कापलं आणि बुडखा कापाच्या उलट दिशेला ओढला की बाकीचं मोडतं. बुडखा अर्धवट सुटलेला असताना त्याच्या पोटाखाली कुणीही हात-पाय घालायचा नाही. या मापाचा ओला बुडखा मुळांसकट कित्येकशे किलोंचा असतो. खाली लाकडी ठोकळे सरकवत जा, म्हणजे तो परत बसणार नाही. दोन गडी हे सगळं हाताने करणार असतील तर दोन ते तीन दिवस धरून चाला.

ओढायला तीन टनी चेन पुली ब्लॉक (हाताने साखळी ओढून ताण देणारी कप्पी) भाड्याने मिळतो. तो जिवंत झाडाच्या बुडाशी, जमिनीलगत बांधा, सालीला गोणपाट गुंडाळून. भिंतीच्या खांबाला किंवा घराच्या कॉलमला कधीच नाही. साखळी ताणत न्यायची, थांबायचं, चरात उतरून कोणतं मूळ ताणलंय ते बघायचं, साखळी ढिली करून ते मूळ तोडायचं, पुन्हा ताणायचं. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरांना आवाराबाहेर ठेवा.

ट्रॅक्टर दारात उभा असतो म्हणून तो लावायचा मोह होतो. बुडखे ओढताना ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. हा अपघात होतो साखळी उंचावर, म्हणजे वरच्या लिंकला किंवा सीटमागे बांधल्याने. बुडखा हलत नाही, मागची चाकं पकड घेतात आणि ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या आसाभोवती वर उचलला जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. ओढायचंच असेल तर साखळी फक्त ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसाच्या खाली असलेल्या ओढदांडीला. पहिला लो गिअर, आणि झटका द्यायचा नाही. झटक्याने साखळी तुटते आणि तुटलेलं टोक माणसावर येतं. माझं मत विचाराल तर चिंचेसाठी ट्रॅक्टर नकोच.

जेसीबी पुन्हा बोलावणार असाल तर चालेल, खर्चाच्या हिशेबात तो बहुधा परवडेलही. फक्त काम कसं करायचं ते आधी ठरवा. फाटक दहा फुटांच्या आत असेल तर मशीन आत यायलाच अडचण होईल. मोठ्या बकेटऐवजी दीड फुटी अरुंद बकेट मागा. तीन बाजूंनी आधी चर मारायचा, मुळं बकेटच्या दातांनी बाहेरच्या बाजूला ओढून तोडायची, आणि शेवटी चौथ्या बाजूने बुडखा लोटायचा. घराच्या किंवा भिंतीच्या दिशेने गेलेली मुळं मशीन यायच्या आदल्या दिवशी हाताने तोडून ठेवा, नाहीतर मशीनने ओढलेलं मूळ भिंतीखालची माती घेऊन येतं. ताशी दर, किमान तास आणि येण्याजाण्याचं भाडं बोलून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याची पाइपलाइन, मोटरची केबल, शोषखड्डा आणि बोअरची केसिंग कुठे आहे ते चुन्याने आखून ठेवा. चालकाला ते माहीत नसतं आणि विचारायची सवयही नसते.

निलगिरीचे बुडखे भिंतीपासून दोन फुटांवर आहेत. ते काढू नका. निलगिरीची मुळं भिंतीच्या पायाखालून गेलेली असणार, बुडखा उपटला की त्या बाजूचा पाया मोकळा होईल. मुळं जागेवरच हळूहळू कुजली तर माती त्याच गतीने बसत जाते, भिंतीला ते सोसतं. तेव्हा इथलं काम एकच: फुटणं थांबवणं. निलगिरी कापली की सालीखालच्या आणि जमिनीलगतच्या सुप्त डोळ्यांतून जोमाने फुटते. कागदाच्या गिरण्यांसाठी लावलेल्या निलगिरीची एकाच लागणीतून पुन्हा पुन्हा तोड घेतात ती याच जोरावर. तुम्ही फुटवे वरून छाटत असाल तर प्रत्येक छाटणीला एकाचे चार होत आहेत.

विनाऔषधाचा मार्ग असा. बुडख्याभोवती सहा इंच माती उकरा. कुऱ्हाडीने किंवा रापीने साल पूर्ण सोला, वरपासून ते जमिनीखाली सहा इंचांपर्यंत, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. सुप्त डोळे बहुतेक या सालीबरोबरच निघून जातात. नंतर जे फुटवे येतील ते दर पंधरा-वीस दिवसांनी टाचेसकट, म्हणजे बुडाच्या सालीच्या तुकड्यासह, मोडून काढायचे, कोयत्याने कापायचे नाहीत. मुळांतला साठा फुटवे वाढवण्यात खर्च होत राहतो आणि पानं न मिळाल्याने भरून येत नाही. एक पावसाळा तरी नेमाने करावं लागेल, कधी दोन. एका महिन्याची हयगय झाली की मागचे सहा महिने वाया जातात.

औषधाचा मार्ग झटपट आहे, पण त्यात दोन गोष्टी चुकतात. जुन्या, वाळलेल्या कापावर तणनाशक लावून काही उपयोग नाही, ते आत जातच नाही. दोन इंच जाडीची नवी चकती कापायची आणि पाच-दहा मिनिटांच्या आत ब्रशने लावायचं. तेही संपूर्ण कापावर नको. सालीच्या लगत आतल्या बाजूचं इंचभराचं कडं तेवढंच जिवंत असतं, मधला गाभा मेलेलाच असतो. पावसाचा दिवस टाळा. यासाठी ग्लायफोसेट वापरतात, पण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करण्याचं बंधन घातलं. म्हणून स्वतः बाटली आणून लावण्यापेक्षा परवानाधारक माणसाकडून करून घ्या. शेजाऱ्याची निलगिरी भिंतीपलीकडे उभी असेल तर औषध नकोच. एकाच जातीच्या शेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली कधीकधी जुळलेली असतात आणि औषध तिकडे पोहोचतं.

मेलेला बुडखा लवकर कुजावा असं वाटत असेल तर गिरमिटाने इंचभर व्यासाची, आठ-दहा इंच खोल भोकं चार-पाच इंचांवर पाडा, त्यांत युरिया भरा, पाणी घाला, वर ओलं गोणपाट आणि शेणखत-मातीचा थर द्या आणि ओल टिकवा. कुजवण्याचं काम बुरशी करते, युरिया तिला फक्त नत्र पुरवतो. कोरड्या बुडख्यात युरिया भरून काही होणार नाही. आवारात गाय, म्हैस किंवा शेळी मोकळी फिरत असेल तर हा प्रयोग करूच नका. जनावराने युरिया चाटला तर विषबाधा होऊन दगावतं.

स्टंप ग्राइंडर मिळाला तर निलगिरीसाठी तो उत्तम. बुडखा जमिनीखाली सहा ते बारा इंच भुशासारखा खरवडून काढतो, भिंतीला धक्का लागत नाही. पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतो, तालुक्याच्या गावी क्वचित. लावण्याआधी बुडख्यात कुंपणाच्या काटेरी तारेचे तुकडे किंवा खिळे आहेत का ते बघा. बांधाच्या निलगिरीत ते हमखास असतात आणि मशीनचे दात मोडतात. चिंचेला मात्र ग्राइंडर पुरणार नाही, कारण शेडच्या खांबाखाली फूटभराच्या पुढचं लाकूड राहिलेलं चालत नाही.

सुबाभळीचे चार-सहा इंचांचे बुडखे वाफशावर कुदळीने निघतात. सोटमूळ फूटभर खाली तोडलं की पुरे. पण माती हलवल्यावर पुढच्या पावसात तिथे शेकडो रोपं उगवतील, कारण सुबाभळीचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. रोपं वीतभर असतानाच ओल्या जमिनीत उपटा. गुडघ्याएवढी झाली की मूळ तुटतं आणि वर्षभराने नवा बुडखा तयार. शेजारी कुणाच्या शेळ्या असतील तर फुटवे त्या आवडीने खातात, फक्त आधी मीठ किंवा औषध टाकलेल्या जागी त्यांना सोडू नका.

नारळाला सोटमूळ नसतं. बोटाएवढ्या जाडीची शेकडो तंतुमुळं असतात, त्याहून जाड एकही नाही, त्यामुळे दीड फूट सोडून चर मारला आणि धारदार फावड्याने मुळं तोडत गेलं की बुडखा पहारीने उचलता येतो. शेंडा गेला की नारळ परत फुटत नाही, म्हणून औषधाची गरज नाही. पण सडता बुडखा म्हणजे गेंड्या भुंग्याची पैदास करण्याची जागा. त्याच्या पांढऱ्या जाड अळ्या त्या भुसभुशीत लाकडात वाढतात आणि भुंगे होऊन आसपासच्या नारळांचे कोंब पोखरतात. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या दारात नारळ उभा असेल तर सगळ्यांत आधी हाच बुडखा काढा, चिरफाळ्या करून वाळवा आणि जाळा. खणताना अळ्या दिसल्या तर वेचून मारा.

परवानगीबद्दल दोन शब्द. चिंच ही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीतली आहे. झाड तोडताना परवानगी घेतली असेल तर तो कागद बुडखा आणि लाकूड बाहेर जाईपर्यंत जवळ ठेवा, वाहतुकीत विचारला जातो. जागा नगरपालिका किंवा महापालिका हद्दीत असेल तर १९७५ चा शहरी वृक्ष कायदा लागू होतो. उरलेलं एखादं झाड तोडायचा विचार असेल तर आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज.

शेवटी खड्ड्याचं. चिंच निघाली की नऊ-दहा फूट रुंद आणि तीन-चार फूट खोल खड्डा उरेल. त्यात तीच काळी माती लोटून, वर पीसीसी (साधं, सळईविना काँक्रीट) करून खांब उभा केला तर पुढच्या पावसाळ्यात शेड कलेल. आधी खड्ड्याच्या भिंतींतून बाहेर डोकावणारी अंगठ्यापेक्षा जाड मुळं ओढून काढा. ती राहिली तर कुजून पोकळ्या होतात आणि त्या वाटेने वाळवी येते. खांबाचा पाया भरावावर नको, खालच्या घट्ट मुरमावर घ्या. मुरूम चार-पाच फुटांवरच आहे, म्हणजे खड्डा थोडा आणखी खोदला की तो लागतोच. पायाखालची जादा खोली १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने भरून काढा. उरलेल्या खड्ड्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी घाला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोका, मगच पुढचा थर. जमिनीचा कोबा करण्याआधी वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे करून घ्या.

काळी माती पाणी प्यायली की फुगते. मोठं झाड वर्षानुवर्षं खोलवरची ओल ओढून घेत असतं. झाड गेलं की ती माती पुन्हा ओल धरते आणि वर उचलली जाते. तुमची चिंच तोडून दोन पावसाळे झाले आहेत, म्हणजे फुगण्याचा मोठा भाग बहुधा होऊन गेला असेल. तरी खड्डा भरल्यावर एक पावसाळा जाऊ द्या आणि कोबा त्यानंतर करा. तोवर पत्रे आणि खांब उभे करायला हरकत नाही, पाया मुरमावर असला म्हणजे झालं. तेवढ्या काळात भराव कुठे खचला तर त्या जागी मुरूम टाकून पुन्हा ठोकून घ्या.